जातीचे मोजमाप आणि मालवणचे घुर्ये

समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा गुन्हेगारीशास्त्र घेऊन पदवी मिळवावी, असे आज एखाद्या मुलाने वा मुलीने घरी सांगितले, तर आईवडिलांना पुढे नोकरीचे काय, एवढीच चिंता पडते. असे काही विषय असतात आणि ते विद्यापीठात शिकवले जातात, याचे नवल मात्र कोणाला वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी स्थिती वेगळी होती. विद्वान म्हणवून घ्यायचे तर संस्कृत, इंग्रजी, गणित, कायदा यांतले काही घ्यावे, अशी रीत होती. आपण ज्या जातीत जन्मलो, ज्या घरात वाढलो, ज्या देवळात गेलो, तेच अभ्यासाचे विषय होऊ शकतात, ही कल्पना भारतीय विद्यापीठांत नुकती कुठे उगवत होती. ती रुजवण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांत अग्रणी होते डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. हा मान त्यांना कशामुळे मिळाला आणि त्यांच्या विचारांचे आज काय राहिले, हे पाहायचे तर सुरुवात कोकणातून करावी लागते.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवणचा. मालवण आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असले, तरी तेव्हा आणि पुढे १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच तालुका होता. त्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याने हिंदू समाजव्यवस्थेचा मुळापासून विचार करणारी माणसे दिली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुरामच्या परिसरातले. जातिव्यवस्थेचे सर्वांत परखड चिकित्सक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. आणि तिसरे हे मालवणचे घुर्ये. काणे यांनी ग्रंथांतून शोध घेतला, आंबेडकरांनी सोसलेल्या अनुभवातून आणि अभ्यासातून. घुर्ये यांनी संस्कृत ग्रंथ आणि मोजमापाचे आकडे एकत्र आणले.

कोकणातल्या पांढरपेशा घरांतील मुलांची शिक्षणाची वाट त्या काळी बोटीने मुंबईला जाई. घुर्येही शिकण्यासाठी मुंबईत गिरगावात आले. पुढे त्यांचे काही शिक्षण काठेवाडातील जुनागढला झाले. तेथील बहाउद्दीन कॉलेजात वर्षभर काढून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. विषय अर्थातच संस्कृत. बी.ए.ला भाऊ दाजी पारितोषिक आणि एम.ए.ला कुलपतींचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या या तरुणाचे पुढचे आयुष्य संस्कृतच्या प्राध्यापकाचे असणार, असे कोणालाही वाटले असते. त्यांचा विवाह वेंगुर्ल्याच्या सजुबाई यांच्याशी झाला होता. घर, विद्या आणि प्रतिष्ठा यांची चाकोरी आखून तयार होती.

ती चाकोरी मोडली एका स्कॉटिश माणसामुळे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याच्या प्रमुखपदी पॅट्रिक गेडिस आले. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. पण भारतात त्यांची ख्याती झाली ती नगररचनाकार म्हणून. शहर हा एक सजीव आहे असे मानून ते गल्लीबोळांतून पायी हिंडत आणि मग आराखडे आखत. समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती देऊन ज्याला परदेशी पाठवायचे, तो विद्यार्थी म्हणून घुर्ये यांची निवड झाली. संस्कृतचा सुवर्णपदक विजेता समाजशास्त्र शिकायला इंग्लंडला निघाला.

प्रथम ते लंडनला प्राध्यापक हॉबहाउस यांच्याकडे गेले. तेथे मन रमेना, म्हणून त्यांनी केंब्रिज गाठले आणि डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे शिष्यत्व पत्करले. रिव्हर्स हे विलक्षण गृहस्थ होते. पेशाने डॉक्टर, अभ्यासाने मानसशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. निलगिरीतील तोडा लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ सालचा. वंशावळी लिहून घेऊन त्यांतून नातेसंबंधांची रचना उलगडण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने मन मोडलेल्या सैनिकांवर त्यांनी केलेले उपचारही गाजले होते. अशा गुरूचा सहवास घुर्ये यांना फार काळ लाभला नाही. १९२२ च्या जून महिन्यात रिव्हर्स यांचे अकस्मात निधन झाले. मग ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील प्रबंध पूर्ण केला आणि पीएच.डी. घेऊन ते मायदेशी परतले.

हा प्रबंध पुढे १९३२ साली ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथाच्या रूपाने इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. घुर्ये यांचे नाव जगभर झाले ते या एका पुस्तकाने. त्याचे महत्त्व कळायचे, तर त्या काळची हवा कशी होती ते आधी पाहिले पाहिजे.

माणसाच्या शरीराची मापे घेतली की त्याची बुद्धी, त्याचा स्वभाव, त्याची लायकी कळते, अशी ती हवा होती. इटलीचा चेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला. जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, असे त्याचे म्हणणे. गुन्हेगारीशास्त्राचा आरंभ पुष्कळदा त्याच्यापासून मानला जातो. १९१३ साली चार्ल्स गोरिंग या इंग्रज डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मापे तपासून हा सिद्धान्त खोटा ठरवला; तोवर त्याचा प्रभाव खूप दूरवर पोचला होता. इकडे हिंदुस्थानात तर लोम्ब्रोझोच्या पुस्तकाआधीच, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने जमातींच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने चोरी केली आहे की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता. त्याने पोलिसांकडे हजेरी लावायची, एवढेच. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. तेव्हा मोजपट्टी कोणाच्या हातात आहे आणि तो तिने काय सिद्ध करतो, हा प्रश्न पुस्तकी नव्हता. लाखो माणसांच्या जगण्याशी त्याचा संबंध होता.

जातीच्या बाबतीत ही मोजपट्टी होती सर हर्बर्ट रिस्ले यांच्या हातात. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त. नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढून त्यांनी देशभरातील जातींची कोष्टके मांडली. नाक जितके अरुंद तितकी जात वरची, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे जात ही मुळात वंश. वरच्या जाती आर्य रक्ताच्या आणि खालच्या जाती जिंकल्या गेलेल्या लोकांच्या. सत्ताधाऱ्यांना हा सिद्धान्त सोयीचा होता आणि वरच्या जातींतील अनेकांना तो सुखावणाराही होता.

घुर्ये यांनी केले ते असे. त्यांनी या शरीरमापनाचेच आकडे घेतले आणि प्रांतवार मांडून पुन्हा तपासले. तेव्हा चित्र पालटले. आजच्या उत्तर प्रदेशाच्या मुलखात रिस्ले यांचा आडाखा साधारणपणे जुळत होता. बाकी पंजाब, बंगाल, मुंबई, मद्रास या प्रांतांत नाकाची मापे आणि जातीची पायरी यांचा मेळ बसेना. उत्तर प्रदेशातील ब्राह्मण आपल्याच प्रांतातील बहुतेक जातींपेक्षा पंजाबातील चुहडा या अस्पृश्य जातीला शरीराने अधिक जवळचा निघाला. आपल्याकडे तर देशस्थ ब्राह्मण हा चित्पावनांना जितका जवळचा, तितकाच सोनकोळ्यांनाही जवळचा ठरला. आणि त्यांच्या मागोमाग कुणबी व महार हे दोन्ही समाज शेजारी शेजारी आले. एकाच प्रदेशातील माणसे जातीने दूर आणि अंगाने जवळ होती. मग जात टिकली कशाने? रक्ताने नव्हे, तर विवाहाच्या बंधनांनी, रोटीव्यवहाराच्या नियमांनी, धंद्याच्या सक्तीने आणि समाजातील मानापमानाच्या उतरंडीने. जातिसंस्थेची जी सहा लक्षणे घुर्ये यांनी सांगितली, ती आजही समाजशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षात शिकतो.

या निष्कर्षाची खरी ताकद दाखवून दिली ती डॉ. आंबेडकरांनी. जात हा वंशभेद नव्हे, जातीबाहेर लग्न न करणे हेच तिचे मर्म आहे, ही मांडणी आंबेडकरांनी १९१६ साली, घुर्ये यांच्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात केली होती. अस्पृश्यतेच्या उगमावरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली आला, तेव्हा अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा समज खोडून काढण्यासाठी त्यांनी घुर्ये यांनी तपासलेल्या मापांचाच आधार घेतला. दोघांची मते, प्रकृती आणि समाजातील जागा यांत अंतर होते. पण एकाच जिल्ह्याशी नाते असलेल्या या दोन विद्वानांच्या अभ्यासाने मिळून नाकावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या शास्त्राचा पाया काढून घेतला.

तथापि घुर्ये यांना या विचारातील शेवटचा शब्द मानणे बरोबर होणार नाही. उत्तरेत आर्यांचे आगमन आणि त्यातून ब्राह्मणांनी घडवलेली जात, ही चौकट त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. वंश मोजता येतो हे त्यांनी गृहीतच धरले होते. आजच्या आनुवंशशास्त्राने तर नाकाच्या मापावरून माणसांची वर्गवारी करण्याची ती रीतच मोडीत काढली आहे. पण आकड्यांनी बांधलेला भ्रम आकड्यांनीच तोडावा लागतो आणि तो त्यांनी तोडला, हे श्रेय कमी होत नाही.

१९२४ साली गेडिस यांच्यानंतर घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. वय तेव्हा तीस. १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९५९ मध्ये निवृत्त झाले. या पस्तीस वर्षांत त्यांनी काय केले, याचे उत्तर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नावांत सापडते. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्यात भिंत घालणे त्यांना मान्य नव्हते. शहरातला समाज एका शास्त्राचा आणि रानातला दुसऱ्या शास्त्राचा, ही विभागणी त्यांना आपल्या देशाच्या संदर्भात निरर्थक वाटे. त्यामुळे त्यांच्या हाताखाली कोणी कुटुंबावर, कोणी आदिवासींवर, कोणी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर काम केले. स्वतः त्यांनी साधूंवर, पोशाखावर, महादेव कोळ्यांवर, देवदेवतांवर लिहिले. पुण्याजवळच्या लोणीकंद या गावाचे पूर्वीचे आणि आताचे रूप ताडून पाहणारा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध केला.

त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत एक होत्या इरावती कर्वे. चित्पावन समाजावरील त्यांचा एम.ए.चा प्रबंध १९२८ चा, घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखालचा. विवाहाने त्या महर्षी कर्वे यांच्या मुरुडच्या, म्हणजे पुन्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या, घराण्याच्या सून. तेथून त्या बर्लिनला गेल्या. तेथे मानवी कवट्यांची मापे घेऊन वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा सापडतो का, हे तपासण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पुढे नाझींच्या वंशवादाला ज्यांच्या विचारांनी बळ पुरवले, ते ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा कोणताही पुरावा मिळत नाही, असे त्या संस्थेत बसून लिहून दिले. ज्या वाटेने गुरू गेले त्याच वाटेने शिष्याही गेली, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे एम. एन. श्रीनिवास. म्हैसूरचे हे विद्यार्थी मुंबईत घुर्ये यांच्याकडे आले, कूर्ग लोकांवर काम केले आणि पुढे ऑक्सफर्डला गेले. पोथीतला समाज आणि प्रत्यक्ष गावात दिसणारा समाज यांत फरक असतो. अभ्यासकाने गावात राहून तो पाहिला पाहिजे, असा आग्रह श्रीनिवास यांनी धरला. ही एका परीने गुरूच्या ग्रंथनिष्ठ पद्धतीवरची टीकाच होती आणि दोघांत पुढे अंतरही पडले. तिसरे ए. आर. देसाई. ते कट्टर मार्क्सवादी, घुर्ये त्या विचारापासून कोसभर दूर. तरीही भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील देसाई यांचा गाजलेला प्रबंध घुर्ये यांच्याच विभागात तयार झाला. आपल्याशी सहमत नसलेल्या विद्यार्थ्यालाही पदवीपर्यंत नेणारा गुरू ही आपल्या विद्यापीठांत सर्रास आढळणारी गोष्ट नव्हे.

घुर्ये यांचा सर्वांत गाजलेला वाद झाला तो व्हेरियर एल्विन यांच्याशी. एल्विन हे इंग्लंडहून धर्मकार्यासाठी आलेले आणि मध्य प्रांतातील गोंड व बैगा लोकांत राहून त्यांचेच झालेले संशोधक. बाहेरच्या जगाच्या संपर्काने आदिवासींचे जीवन उद्ध्वस्त होते, म्हणून त्यांना संरक्षित क्षेत्रात आपल्या रीतीने जगू द्यावे, असे त्यांनी १९३९ साली सुचवले होते. घुर्ये यांनी १९४३ मध्ये ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिले. आदिवासी हे शेजारच्या हिंदू समाजापासून वेगळे कधीच नव्हते, त्यांना मागासलेले हिंदू म्हणावे. त्यांची दैना झाली ती हिंदूंच्या संपर्काने नव्हे, तर ब्रिटिशांच्या महसूल आणि जंगलाच्या कायद्यांनी, सावकार आणि न्यायालये यांच्या फासाने, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायद्यांबद्दलचे त्यांचे निदान आज बहुतेक अभ्यासक मान्य करतील. परंतु आदिवासींना स्वतःची ओळख, स्वतःचे धर्मविचार आहेत, ते कोणाचे मागासलेले रूप नव्हेत, हा आक्षेपही तितकाच खरा आहे आणि तो आदिवासी समाजातूनच पुढे आला आहे. घुर्ये यांना देशाच्या एकतेची ओढ होती. त्या ओढीत वेगळेपणाकडे त्यांनी पुरेशा आदराने पाहिले नाही, असे म्हणावे लागते.

हीच ओढ जातीच्या राजकारणाविषयीच्या त्यांच्या मतांत दिसते. जनगणनेत जातींची उतरंड लावल्याने जाती दुबळ्या होण्याऐवजी अधिक जागृत आणि संघटित झाल्या. जो तो वरची पायरी मागू लागला, हे निरीक्षण त्यांनी फार लवकर नोंदवले. त्यावरून पुढे जाऊन जातीनिहाय प्रतिनिधित्वालाही त्यांनी विरोध केला. येथे आंबेडकर आणि घुर्ये यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. ज्याला पाणवठ्यावर पाणी मिळत नाही, त्याला जातीची नोंद हे आपल्या हक्काचे साधन वाटणार; ज्याला ते मिळतेच, त्याला तीच नोंद दुहीचे बीज वाटणार. केंद्र सरकारने २०२५ साली आगामी जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा हाच वाद नव्या शब्दांत पुन्हा ऐकू आला. वादातील दोन्ही पक्षांनी घुर्ये वाचले, तर त्यांना आपापले मत थोडे तपासून पाहावे लागेल.

डिसेंबर १९५१ मध्ये घुर्ये यांच्या पुढाकाराने मुंबईत भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिचे संशोधन नियतकालिक सुरू झाले. ते परिषदेचे पहिले अध्यक्ष. निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांना मानद गुणश्री प्राध्यापक म्हणून गौरवले. लेखणी मात्र निवृत्त झाली नाही. त्यांच्या ग्रंथसंपदेतील बराच भाग साठीनंतरचा आहे. १९७३ मध्ये आत्मकथनपर ग्रंथ आला. सामाजिक तणाव, लोकशाहीचे भवितव्य, ईशान्य भारतातील अशांतता अशा विषयांवर ते ऐंशी ओलांडल्यावरही लिहीत होते. ज्या ग्रंथाने नाव मिळवून दिले, त्याच्या प्रत्येक आवृत्तीत भर घालून, कधी त्याचे नावही बदलून, ते तो जन्मभर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. एकदा छापले ते कायमचे, असे त्यांनी मानले नाही.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये, नव्वदी पूर्ण झाल्यावर लगेचच, त्यांचे निधन झाले. त्याआधी दोन-अडीच वर्षांपूर्वी, १ मे १९८१ रोजी, रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन मालवण नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले होते. त्यामुळे रत्नागिरीकर त्यांना आपले म्हणताना थोडे थबकतात आणि मालवणला येणारा पर्यटक किल्ला पाहून, मासे खाऊन परततो. घुर्ये हे नाव त्याच्या कानी क्वचितच पडते.

पण आजही लग्नाच्या जाहिरातींत जातीच्या शेजारी गोरा रंग आणि सरळ नाक यांची मागणी छापून येते. पारधी समाजातील तरुणाला गावात चोरी झाली की सर्वांत आधी उचलले जाते. आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवणारे शिकलेले लोक शहरांतही कमी नाहीत. मोजपट्टी नाहीशी झाली, तिने मनात आखलेल्या रेषा तशाच आहेत. समाजशास्त्र शिकून काय मिळणार, असे जेव्हा आपण मुलांना विचारतो, तेव्हा मालवणच्या या संस्कृत पंडिताची आठवण ठेवावी. माणसामाणसांतील अंतर निसर्गाने घातलेले नसून आपणच घातले आहे, हे पुराव्यानिशी दाखवता येते, आणि आपण घातलेले अंतर आपल्यालाच कमी करता येते. एवढे उमगले, तरी त्या पदवीचे मोल वसूल झाले असे समजावे.